बसणे आणि उठणे



ह्या शब्बाथला आपल्या सिनेगॉगमध्ये 'हय्ये सारा' हा पाराशा वाचला जाईल. नावाचा अर्थ 'साराचे आयुष्य', आणि सुरुवात मात्र तिच्या मरणाने होते. सारा इम्मेनू एकशे सत्तावीस वर्षांची होऊन हेब्रोनात वारली आणि अब्राहाम आबिनू तिच्यासाठी शोक करावयास आला, असे तेथे सांगितले आहे. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो, पण 'आला' ह्या शब्दावर कधी थांबलो नव्हतो. आला म्हणजे कोठून आला? घरचे माणूस गेले तेव्हा तो घरी नव्हता काय? राशी सांगतात की तो बेर-शेब्याहून आला. म्हणजे आपल्या पहिल्या बापाचे पहिले दुःख हे दूर असताना ऐकलेल्या बातमीचे दुःख होते. यंदा हा शब्द आम्हांस फार जड जातो आहे. त्याचे कारण आमच्याच घरातले आहे आणि ते आपणांस सांगितल्यावाचून पुढे बोलता येणार नाही.

गेल्या सिवान महिन्यात आमची धाकटी बहीण ठाण्यास वारली. तिचा एकुलता एक मुलगा, आमचा भाचा, बरीच वर्षे न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन शहरी आहे. पाणीपुरवठ्याचे इंजिनियरिंग हा त्याचा व्यवसाय. दुपारी तीन वाजता ती गेली तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. वेलिंग्टनहून मुंबईस थेट विमान नाही. कोठेतरी बदलून, थांबून यावयाचे म्हणजे एक दिवस पुरत नाही, आणि आपल्यांत मृताला ताटकळत ठेवीत नाहीत. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, माझ्यासाठी थांबू नका. आईला वेळेवर न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला नेले. एका मुलाने मोबाइल हातात धरून ठेवला होता, त्यातून तो पाहत होता. कबरस्तानात त्याचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. "मामा, किती वाजता पुरे होईल?" आम्हांस क्षणभर रागच आला. आईची माती होते आहे आणि हा घड्याळ विचारतो! नंतर कळले की त्याचे बरोबर होते. शोकाचे सात दिवस दफनापासून मोजतात आणि दिवसाचा थोडा भागही पुरा दिवस धरतात. आपल्याकडे सकाळचे दहा म्हणजे त्याच्याकडे सायंकाळचे साडेचार. जून महिना हा तिकडे हिवाळा, आणि पाच वाजण्याच्या आत सूर्य मावळतो. दहाच्या सुमारास शेवटची माती पडली. भाच्याने सदऱ्याची डावी बाजू फाडून केरिया केली आणि जमिनीवर बसला. अर्धा तास उजेड होता. तेवढा अर्धा तास त्याचा पहिला दिवस ठरला.

दूरच्या मरणाविषयी आपल्या हाखामांनी किती बारकाईने विचार केला आहे! तलमुदाच्या मोएद काटान ह्या भागात राबा महुझा गावच्या लोकांस सांगतो की, जे प्रेतासोबत दफनाच्या गावी जात नाहीत त्यांनी वेशीवरून तोंड फिरवले तेव्हापासून दिवस मोजावेत. तेथेच दुसरा नियम आहे. मरणाची बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर ती 'जवळची बातमी', तेव्हा सात दिवस पुरे बसावे. तीस दिवसांनंतर कळली तर ती 'दूरची बातमी', तेव्हा घटकाभरच बसावे. फक्त आईबापांसाठी केरिया केव्हाही करावी लागते. आज हा नियम कोणास फारसा लागत नाही, पण आमच्या आजोबांच्या पिढीस तो पाठ होता. आपले लोक पलटणीत आणि सरकारी नोकरीत कराची, एडन, रंगून येथे होते, आणि पत्र येईपर्यंत कबरेवर गवत उगवलेले असे. पत्र उघडावे, जमिनीवर बसावे, घटकेने उठावे आणि कामास लागावे.

ही घटका आम्हांस पूर्वी कठोर वाटे. माणूस गेले आणि घटकाभर शोक? परंतु ज्याने हा नियम घातला त्याला ठाऊक होते की, दूर असलेल्या माणसाचे दुःख कोठे संपवावे हे त्याचे त्यालाच कळत नाही. त्याने रिकामी खाट पाहिलेली नसते, खांदा दिलेला नसतो. बातमी त्याच्या मनात अर्धीच राहते. म्हणून त्याला 'बस' असेही सांगावे लागते आणि 'ऊठ' असेही.

भाचा सात दिवस बसला. तेथे आपले बेने इस्राएल बोटांवर मोजण्याइतके. पण त्या शहरातील यहुदी मंडळी आली, उकडलेली अंडी आणि भाकरी घेऊन आली, आणि रिवाजाप्रमाणे तो बोलेपर्यंत गप्प बसून राहिली. ह्या समाजाचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. 1843 साली अब्राहाम हॉर्ट नावाचे गृहस्थ लंडनहून तेथे येऊन राहिले आणि तेव्हापासून वेलिंग्टनमध्ये नेमाने उपासना सुरू झाली. द टेरेस ह्या रस्त्यावर पहिले सिनेगॉग उभे राहिले ते 1870 साली. मृतांसाठी जागा मात्र त्याच्या पुष्कळ आधी, बोल्टन स्ट्रीटच्या कबरस्तानात, मिळालेली होती. अब्राहाम आबिनूने तरी वेगळे काय केले? सगळा देश त्याला वचन म्हणून मिळालेला, पण रोख चारशे शेकेल चांदी मोजून त्याने विकत घेतली ती मखपेलाची गुहा, एका कबरेपुरती. परदेशात घर करणाऱ्याचा पहिला खरा दस्तऐवज हाच. वेलिंग्टनच्या त्या पहिल्या सिनेगॉगची जागा पुढे मोटाररस्त्यात गेली, जुन्या कबरस्तानाचा मोठा भागही गेला, सुमारे 3,700 मृतांचे अवशेष हलवावे लागले. 1977 साली समाजाने वेब स्ट्रीटवर नवे केंद्र उघडले. परक्या मुलखात जमीन धरून राहणे हे असे असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आई जाण्यापूर्वीच भाच्याचे एक ठरलेले होते. वेलिंग्टन येथे 'व्हॉलंटिअर सर्व्हिस अब्रॉड' नावाची संस्था आहे. 1962 साली ती स्थापन झाली. न्यूझीलंडमधील शिक्षक, परिचारिका, सुतार, इंजिनियर अशा लोकांना ती पॅसिफिकमधील आणि इतर गरजू देशांत सेवेसाठी पाठवते. सुरुवातीच्या काळात नुकतीच शाळा संपवलेली मुलेसुद्धा जात. खर्चापुरते मिळते, पगार म्हणावा असा नाही. तिच्यातर्फे भाच्याची सॉलोमन बेटांवर पाण्याच्या कामासाठी निवड झाली होती. वैद्यकीय तपासणी झाली, लसी टोचून झाल्या, पोलिसांचा दाखला आला. मलेरियाच्या गोळ्या, तेथील पिजिन बोलीची पुस्तिका, जाण्यापूर्वीचे शिक्षणवर्ग असे सर्व चालू होते. सण आटोपले की हेश्वान महिन्यात निघावयाचे, असे ठरले होते.

आणि मध्येच ही घटना. आईसाठी अकरा महिने कद्दीश म्हणावयाचा, आणि कद्दीशला मिन्यान लागते, दहा पुरुष लागतात. वेलिंग्टनसारख्या लहान समाजात तो शब्बाथला तरी म्हणू शकत होता. बेटावर दहा इस्राएल कोठून आणावेत? त्याने आम्हांस विचारले, "मामा, आईचा मी एकटाच आहे. गेलो तर कद्दीश राहील. न गेलो तर ते लोक वाट पाहतील. काय करू?"

बंधुभगिनींनो, आम्ही काय उत्तर दिले ते लपवीत नाही. आम्ही ताबडतोब सांगितले की, वर्षभर थांब. बेटे कोठे पळून जात नाहीत. आईचे वर्ष होऊ दे, मग पाहू. वडीलकीच्या नात्याने, जरा तावातावानेच सांगितले. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे हाच पाराशा घेऊन बसलो असता आम्ही अडखळलो. रिबकेला नेण्यास एलिएजर येतो, दुसऱ्या सकाळी निघू म्हणतो, तेव्हा तिचा भाऊ आणि आई काय म्हणतात? मुलगी आणखी काही काळ राहू दे. हाखाम ह्याचा अर्थ लावतात, एक वर्ष किंवा निदान दहा महिने. वर्षभर थांब! ही तर आमचीच भाषा. आणि ती बोलणारा भाऊ कोण? लाबान. पुढे आपल्या याकोबाला वीस वर्षे अडकवून ठेवणारा लाबान. तेथे शेवटी मुलीलाच बोलावून विचारतात आणि ती जाते म्हणते. आम्ही भाच्याला विचारलेच नव्हते, सांगितले होते.

मग ग्रंथ काढले. आम्ही रब्बी नव्हे, म्हणून एका जाणत्या रब्बींनाही विचारून घेतले. कद्दीश अकरा महिने म्हणतात तो मुलाच्या भक्तीचा रिवाज आहे, आणि फार मोलाचा आहे. बारा महिने न म्हणता अकराच का? तर बारा महिने दंड दुष्टाला असतो आणि आपल्या आईबापांस कोणी दुष्ट समजू नये. पण त्याच कद्दीशविषयी 'कित्सूर शुलहान आरूख' मध्ये सांगितले आहे की, कद्दीश आणि प्रार्थना उपयोगी खऱ्या, तरी मुख्य ते नव्हे. मुले योग्य मार्गाने चालतात हे मुख्य. आणि आईबापांनी एखादे पुण्यकर्म धरून राहा असे मुलांस सांगावे. मुलांनी ते केले तर ते कद्दीशहूनही अधिक मानले जाते.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले, कारण आमच्या बहिणीने तसे सांगितलेले होते. त्या वेळी ते सांगणे आहे हे आम्हांस समजले नव्हते इतकेच. पेसाहच्या सुमारास ती नातवंडांचा शाळेचा नकाशा घेऊन आमच्याकडे आली होती, सॉलोमन बेटे कोठे आहेत ते दाखवा म्हणाली. चश्मा लावूनही सापडेनात, इतके बारीक ठिपके. सापडले तेव्हा त्यावर बोट ठेवून म्हणाली, "तिकडे बायकांना पाणी आणायला लांब जावं लागतं म्हणे. आपली आजी रेवदंड्याला विहिरीवर जायची तसं. त्यानं तेवढं केलं तरी पुष्कळ झालं." मग तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आम्ही ते मुलाच्या विरहाचे समजून विषय बदलला.

विहिरीचे नाव निघाले म्हणून सांगतो. रिबकेची परीक्षा कशाने झाली? परक्या माणसाला पाणी दिले, आणि न मागता त्याच्या उंटांनाही पाजले. हे आपण पटकन वाचून पुढे जातो. उंट दहा होते. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. घागरीने दहा उंटांची तहान भागवावयाची म्हणजे त्या मुलीने किती फेऱ्या मारल्या असतील ह्याचा हिशेब ज्यांनी कोकणात विहिरीचे पाणी भरले आहे त्यांनी करावा. तो माणूस कोण, कोणाचा, हे तिला ठाऊक नव्हते.

सेवेला निघालेल्या माणसावर असा घाव पडण्याचे एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. 1953 साली तेन्झिंग नोर्गेसह एव्हरेस्टवर चढलेले सर एडमंड हिलरी हे न्यूझीलंडचेच, धंद्याने मधमाश्या पाळणारे. वर सांगितलेल्या वेलिंग्टनच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष तेच. नेपाळातील शेर्पा लोकांसाठी त्यांनी खुमजुंग येथे 1961 साली शाळा बांधली, 1966 साली कुंडे येथे रुग्णालय बांधले. फाफलू येथे दुसरे रुग्णालय बांधीत असता 31 मार्च 1975 रोजी त्यांची पत्नी लुईस आणि सोळा वर्षांची धाकटी मुलगी बेलिंडा त्यांच्याकडे येण्यास काठमांडूहून लहान विमानाने निघाल्या. विमान उडताच कोसळले. हिलरी फाफलूला वाट पाहत होते. त्यांनी ते रुग्णालय पुरे केले, आणि नेपाळचे काम 2008 साली मरेपर्यंत सोडले नाही. 1985 ते 1989 ते आपल्या देशात न्यूझीलंडचे हायकमिशनर होते, तेव्हाही ते चालूच होते.

ह्या गोष्टीचा लोक एक अर्थ काढतात की, काम हे दुःखावर औषध आहे. आम्हांस तो अर्थ पटत नाही. अपघातानंतरची काही वर्षे आपणांस फार वाईट गेली, जगण्यात रस उरला नव्हता, असे हिलरींनी स्वतःच सांगितले आहे. रुग्णालयाच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणून मन उभे राहिले नाही. काम दुःखाच्या शेजारी चालते, त्याच्या जागी नाही. आपल्या तोरात अब्राहाम आधी रडतो, मग मृताजवळून उठतो, मग हेथच्या लोकांशी जागेविषयी बोलतो. क्रम पाहावा. आणि सेफेरमध्ये 'तिच्यासाठी रडावयास' ह्या शब्दातील काफ हे अक्षर इतरांहून लहान लिहितात. कोणी म्हणतात, म्हातारपणाचे मरण म्हणून तो थोडेच रडला. आमचे एक जुने हज्जान सांगत की पुष्कळ रडला, लोकांपुढे थोडे दिसले.

म्हणून भाच्याला दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा आम्ही आधी एवढेच विचारले की, तू आईच्या घरापासून पळतो आहेस की कामाकडे चालला आहेस? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर पळत होतो. तेव्हा उद्याच जावंसं वाटत होतं. आता तसं नाही. आता भीती वाटते." हे उत्तर आम्हांस बरे वाटले. तीस दिवस त्याने पुरे पाळले होते, दाढी वाढवली होती, गाणेबजावणे टाळले होते. जो बसलाच नाही त्याला 'ऊठ' म्हणणे धोक्याचे, पण हा बसून उठला होता.

आपल्या समाजाचाही एक पुरावा आहे. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली मुंबईस आपले पहिले सिनेगॉग बांधले. त्यासाठी सेफेर तोरा मिळवण्यास ते कोचीनला गेले आणि 1797 साली तेथेच वारले. स्वतःच्या घरापासून दूर, परक्या मातीत. त्यांच्या घरच्यांनी 'नका जाऊ' म्हटले नसेल काय? म्हटलेच असेल.

जे तरुण असे दूर जातात त्यांच्यासाठी एक-दोन रोकड्या गोष्टी. लसी आणि गोळ्या जशा जाण्यापूर्वीच्या तयारीत येतात, तसा एक कागदही यावा. त्यावर आपले व आईबापांचे इब्री नाव, मरण आले तर प्रथम कोणास कळवावे, आणि दफन कोठे व्हावे हे लिहावे. मृतदेह नेण्याचा खर्च विम्यात आहे की नाही हे विचारावे. पुष्कळजण विचारीत नाहीत. भारतीय नागरिकाचे परदेशात मरण झाल्यास तेथील आपल्या वकिलातीत त्याची नोंद करता येते. वेलिंग्टनला आपले हायकमिशन आहे. हे बोलणे अशुभ म्हणून टाळू नये. अब्राहामाने कबर विकत घेतल्याने कोणाचे आयुष्य कमी झाले नाही. आणि मरणाचे दरसालचे स्मरण कोणत्या तिथीस करावे ह्याचा घोळ होतो, तर रब्बींचा सर्वसाधारण निर्णय असा की, मरण जेथे झाले तेथील इब्री तारीख धरावी. आमची बहीण गेली तेव्हा ठाण्यास दुपार होती आणि वेलिंग्टनमध्ये रात्र पडून पुढची इब्री तारीख लागली होती. भाचा ठाण्याचीच तारीख पाळील.

कद्दीशचे आम्ही असे ठरवले. ज्याचे आईबाप हयात नाहीत त्याने दुसऱ्यासाठी कद्दीश म्हणण्यास हरकत नाही, आणि आमचे तर कधीच गेले. भाऊ म्हणून आमचा शोक तीस दिवसांनी संपला. आता भाच्याच्या जागी उभे राहतो. भाच्याने तिकडून दर आठवड्यास आईच्या नावाने थोडी सदका बाजूस काढावयाची आणि रोज एक मिश्ना वाचावयाचा असे कबूल केले आहे. तिचा ताहारा आपल्या समाजातील बायकांनी केला. रात्री निरोप मिळताच आल्या, पाणी तापवले, स्नान घातले, कफन नेसवले आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. मृत माणूस परतफेड करीत नाही, म्हणूनच त्या सेवेला 'खरी दया' म्हणतात. भाच्याने त्यांची नावे मागितली. आम्ही दिली नाहीत. त्यांची इच्छा नव्हती. "मग मी काय करू?" म्हणाला. आम्ही म्हटले, तिकडे नळ बसव.

येत्या मंगळवारी तो वेलिंग्टनहून निघतो. इकडे इय्यार महिन्यापर्यंत कद्दीशचे सुमारे सहा महिने राहिले आहेत. शब्बाथ आणि सोमवार-गुरुवारी अडचण पडत नाही. इतर दिवशी मात्र आम्ही सातआठजणच असतो, कधी नऊ, आणि नवव्याने दाराकडे पाहत बसणे किती लांबते ते तेथे बसल्याशिवाय कळत नाही. जवळपास राहणाऱ्या बंधूंपैकी दोघेतिघे मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता येऊ शकले तर फार उपकार होतील. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे, कामावर जाण्यास उशीर होणार नाही. तेफिल्लीन नसतील तर दोन जोड सिनेगॉगमध्ये ठेवले आहेत. चहा आम्ही देऊ.